‘का’ विचारू नका, कागद मागा: आमच्या सोसायटीच्या माहिती अर्जांच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

पुनर्विकासाच्या बैठकीला आलेल्या वास्तुविशारदांनी चहा यायच्या आत तीन कागद मागितले. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्र. इमारत १९८० च्या दशकातली, कर्वेनगरच्या बाजूची. दप्तरात इतिवृत्तं आहेत, भागधारकांची वही आहे, लिफ्टवाल्याशी झालेला जुना पत्रव्यवहारसुद्धा आहे. हे तीन मात्र नाहीत. बिल्डर हयात नाही आणि त्याची फर्मही केव्हाच मिटली.

त्याच बैठकीत आणखी दोन विषय चिकटले. काही फ्लॅटधारकांची मिळकतकरातली ४० टक्के सवलत गेली होती. त्यांनी मागच्या नोव्हेंबरात ती परत मिळवण्याचा पीटी-३ अर्ज भरला, पण नवीन बिलात फरक नाही. दुसरा विषय समोरच्या रस्त्याचा. डांबरीकरण झालं आणि काही महिन्यांत कुणीतरी तो उभा चिरला. पूर्वी असल्या गोष्टीला नगरसेवकाच्या कार्यालयात एक फोन जायचा. १५ मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेवर प्रशासक आहे, त्यामुळे फोन करायचा कुणाला हाच प्रश्न आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली, तेव्हा कागद शोधायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तळमजल्यावरचे काका मदतीला आहेत. त्यांना माहिती अधिकाराचा अनुभव आहे आणि रागही आहे. नोंदी मी ठेवणार. कार्यालयांची आणि माणसांची नावं यात घ्यायची नाहीत असं ठरलं, कारण ही वही उद्या कुणीही वाचेल.

१२ जून, बुधवार

आज फक्त वर्गवारी. सगळ्यालाच माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा काकांचा विचार होता. तो मी मोडून काढला. जो कागद खिडकीवर दाखला म्हणून मिळतो त्यासाठी ३० दिवस थांबायचं कशाला? मिळकतकराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, झोन दाखला हे सगळं २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतं. त्यात प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे आणि उशीर झाला तर अपीलही आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तोही याच रांगेतला. मावशींचा एक प्रश्न मात्र चांगला होता: त्यावर आजाराचं नाव येतं का? येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही मागता येतो, पण त्यावर मृत्यूचं कारण छापायला मनाई आहे. नोंद सार्वजनिक आणि तिच्यातला एक रकाना खासगी. कायद्यांमध्ये असा समंजसपणा मला फार कमी ठिकाणी दिसला आहे.

उरलं ते दोन प्रकारचं. काही आपलं स्वतःचं, म्हणजे ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या करआकारणीची नस्ती, म्हणजे फाइल. काही सगळ्यांचं, म्हणजे रस्ता आणि इमारतीची परवानगी. परदेशात काही ठिकाणी स्वतःबद्दलची माहिती मागायला वेगळा कायदा आणि सरकारी दप्तर मागायला वेगळा, असं असतं. आपल्याकडे आज दोन्हींसाठी माहिती अधिकार अधिनियम २००५ हेच एक दार आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्यात आपली माहिती पाहण्याचा हक्क लिहिलेलाही आहे, पण आज, जून २०२४ मध्ये, तो अजून लागू व्हायचा आहे.

आणखी एक ठरलं. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाणार नाहीत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ३ हा हक्क नागरिकाला देतं, संस्थेला नाही. सेक्रेटरींना हे जरा लागलं. शिक्का त्यांनी नुकताच नवीन करून आणला होता.

१४ जून, शुक्रवार

दिवसभर मसुदे. हेच खरं काम आहे, बाकी टपालखर्च.

काकांनी गेल्या वर्षी टाकलेला अर्ज समोर ठेवला. त्यात लिहिलं होतं: “माझी सवलत का काढली? याला जबाबदार कोण? नुकसानभरपाई कधी मिळणार?” उत्तर आलं होतं एका ओळीचं, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. काका आजही त्या ओळीवर चिडतात. माझं मत वेगळं आहे आणि मी ते त्यांना सांगितलं. कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे अभिलेख, टिपणी, आदेश, अहवाल, नोंदवह्या, नमुने, म्हणजे कुठल्या ना कुठल्या रूपात अस्तित्वात असलेली गोष्ट. कारणमीमांसा कागदावर उतरली असेल तरच ती माहिती. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका परीक्षा मंडळाच्या खटल्यात पुढचं सांगितलं: जे दप्तरात नाही ते अर्जदारासाठी तयार करून द्यायला कार्यालय बांधील नाही.

तेव्हा ‘का’ हा शब्द वगळायचा आणि ज्या कागदावर ते ‘का’ लिहिलेलं असणार तो कागद मागायचा. सवलत देताना किंवा नाकारताना कुणीतरी पाहणी केली असेल, पाहणीचा अहवाल असेल, त्यावर कुणाची तरी टिपणी आणि खाली सही असेल. बँकेत आम्ही कर्ज नाकारताना सुद्धा असाच मागे माग ठेवत होतो. सरकारी कचेरीत तोंडी काहीच होत नाही. झालं तरी नंतर ते कागदावर चढवावं लागतं.

काकांच्या नव्या अर्जाचं वर्णन शेवटी असं झालं:

“विषय: मिळकत क्रमांक (…) वरील पीटी-३ अर्जावरील कार्यवाही. कालावधी: १ नोव्हेंबर २०२३ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत. आवश्यक माहिती: सदर मिळकत माझ्या नावे असून मी दिनांक (…) रोजी आवक क्रमांक (…) अन्वये पीटी-३ अर्ज सादर केला आहे. त्या अर्जाच्या नस्तीतील टिपणी बाजू व पत्रव्यवहार बाजू यांच्या सर्व पृष्ठांच्या, स्थळपाहणी अहवालाच्या व अंतिम आदेशाच्या साक्षांकित प्रती. आदेश झाला नसल्यास अर्ज सध्या ज्या टेबलावर आहे तेथील कार्यविवरण नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत.”

शेवटचं वाक्य काकांना फार आवडलं. आदेश नाही असं उत्तर आलं, तरी अर्ज कुठे अडकला ते कळतं.

महाराष्ट्राच्या नियमात २०१२ च्या दुरुस्तीने अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. लोक या मर्यादेवर खूप टीका करतात. मला ती जाचक वाटली नाही. १५० शब्दांत मावत नाही तो अर्ज बहुतेक वेळा तक्रार असतो. पण यामुळे प्रत्येक फ्लॅटचा अर्ज वेगळा, रस्त्याचा वेगळा, इमारतीचा वेगळा. नमुना ‘अ’, प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. स्वतःची माहिती मागणाऱ्यांनी ओळखपत्राची प्रत आणि शेवटच्या बिलाची प्रत जोडली. माहिती का हवी ते कुणीही लिहिलं नाही, कलम ६(२) प्रमाणे लिहावं लागत नाही.

मोबाइल नंबर द्यायचा का यावर थोडी चर्चा झाली. नमुन्यात तो मागितलेलाच नाही. करआकारणीच्या अर्जावर दिला तर फोन येतो आणि काम सोपं होतं. रस्त्याच्या अर्जावर देऊ नये असं मी म्हटलं. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला, ते आपल्यापासून फार लांबचं गाव नाही. आमचा विषय तेवढा मोठा नाही. तरीही कंत्राटदाराच्या हातात आपला नंबर जायचं काही कारण नाही.

सगळे अर्ज आज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, दिले. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजावं.

२४ जून, सोमवार

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अर्जाशिवाय फाइली पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाने ती राज्यातल्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली. गेल्या सोमवारी बकरी ईदची सुट्टी होती, म्हणून आज गेलो. रस्त्याचा लेखी अर्ज दिलेलाच आहे, पण फाइल आधी डोळ्याखालून गेली की कुठली पानं मागायची ते कळतं. नाहीतर ‘सर्व कागदपत्रे’ असं लिहून आपण दोन रुपये पानाने रद्दी विकत घेतो.

फाइल जाड होती. काका पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी मागून सुरुवात केली. बिल शेवटी असतं आणि बिलाला जे जोडलेलं असतं तेच कामाचं असतं. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी, थराप्रमाणे. कार्यादेशात कामाची तारीख. निविदेच्या अटींमध्ये दोषदायित्व कालावधी, आमच्या रस्त्याला तीन वर्षं. म्हणजे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं रस्त्यात दोष निघाला तर तो कंत्राटदाराने पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा. आमच्या गल्लीत ही ओळ आजवर कुणाला माहीत नव्हती. ती माहीत असेल तर तक्रारीची भाषाच बदलते. ‘कृपया रस्ता दुरुस्त करावा’ याऐवजी ‘कार्यादेश क्रमांक अमुक, अट क्रमांक अमुक प्रमाणे’ असं लिहिता येतं.

पण आमच्या रस्त्याची गोष्ट वेगळी निघाली. चीर पडली ती केबलच्या खोदाईमुळे. खोदाईची परवानगी वेगळ्या फाइलीत होती आणि टेबलावरच्या साहेबांनी ती न मागता काढून दिली. परवानगीत किती मीटर खोदायचं, कुठून कुठपर्यंत आणि पूर्ववत करण्यासाठी किती रक्कम आधीच भरून घेतली, हे सगळं होतं. खोदणाऱ्याकडून पैसे येऊन पडलेत. आता रस्ता बुजवण्याची जबाबदारी कुणाची यावर वाद घालण्याचं कारणच उरत नाही.

मी फोटो काढू का असं विचारलं. साहेब म्हणाले, “मॅडम, फोटोचं मला नक्की सांगता येत नाही, टिपणं घ्या की.” ते बरोबरच होतं. कलम २(ञ) मध्ये पाहणी, टिपणं, उतारे, साक्षांकित प्रती हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पानांचे क्रमांक उतरवून घेतले. आता प्रती मागताना पान क्रमांक ४१, ४२, ६७ ते ७० एवढंच लिहायचं.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद. कुठे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

४ जुलै, गुरुवार

काकांना करआकारणीकडून पत्र. १४ पानं, २८ रुपये भरून घेऊन जा. काका म्हणाले, “बघा ताई, आता पैसे मागायला लागले.” मी म्हटलं, हे चांगलं पत्र आहे. पानं मोजली म्हणजे नस्ती सापडलेली आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं: असं पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस कलम ७(३) प्रमाणे तीस दिवसांत धरत नाहीत. पैसे भरायला आपण आठवडा लावला तर घड्याळ आठवडाभर बंद. काका त्याच दुपारी जाऊन भरून आले.

११ जुलै, गुरुवार

कागद हातात. ४० टक्के सवलतीचा इतिहास पुण्याबाहेरच्यांना सांगावा लागतो. स्वतः राहत असलेल्या घराला वार्षिक करपात्र रकमेत ही सवलत देण्याचा ठराव १९७० चा. २०१८ मध्ये राज्य सरकारने तो थांबवला, त्यानंतर अनेकांची सवलत गेली आणि फरकाची बिलं आली. मग २०२३ मध्ये सरकारनेच ती पुन्हा लागू केली, १ एप्रिल २०२३ पासून. ज्यांची गेली होती त्यांनी स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून पीटी-३ भरायचा होता.

काकांच्या नस्तीतलं स्थळपाहणीचं पान एका ओळीचं आहे: “सदनिका बंद आढळली.” तारीख पाहिली. त्या आठवड्यात काका आणि काकू नातवाच्या बारशाला नाशिकला होते. पाहणीला आलेल्या माणसाने जे दिसलं ते लिहिलं. पुढे टिपणीत पुन्हा पाहणी प्रस्तावित असं आहे आणि तिथेच नस्ती थांबली आहे. वर्षभर ज्या गोष्टीवर काका ‘जबाबदार कोण’ म्हणून भांडत होते ती एका बंद दाराची गोष्ट निघाली.

या कागदाने कर कमी होत नाही, हे सगळ्या फ्लॅटधारकांना बसवून सांगितलं. माहिती अर्ज हे तक्रार निवारण नाही. माहिती अधिकाऱ्याला सवलत द्यायचा अधिकार नाही. आता वेगळं पत्र जाईल: आपल्या टिपणीतील पृष्ठ अमुक प्रमाणे फेरपाहणी प्रस्तावित आहे, आम्ही या तारखांना घरी आहोत, सोबत मतदार ओळखपत्र, गॅसचं बिल, सोसायटीचा दाखला. काकांनी मसुदा वाचला आणि त्यात ‘जबाबदार कोण’ घालायचा प्रयत्न केला. मी तो खोडला.

यानंतर त्यांनी नवीन विषय काढला. आपल्या गल्लीत कुणाकुणाला सवलत चालू आहे त्याची नावानिशी यादी मागवू, म्हणजे भाडेकरू ठेवून सवलत लाटणारे सापडतील. यावर बराच वेळ गेला आणि मी तो जाऊ दिला, कारण हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कलम ८(१)(ञ), ज्याला माहिती अधिकारवाले सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात, ते आज, जुलै २०२४ मध्ये, असं सांगतं: जी वैयक्तिक माहिती उघड करण्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ज्याने कुणाच्या खासगीपणावर अवाजवी आक्रमण होईल, ती द्यायचं बंधन नाही, व्यापक जनहित असेल तर गोष्ट वेगळी. त्याच कलमाला एक शेपूटही आहे: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका कर्मचाऱ्याच्या सेवेबद्दलची आणि मालमत्तेबद्दलची माहिती वैयक्तिक ठरवली, तेव्हापासून ते निकालपत्र अर्ज फेटाळायला फार वापरलं जातं. गेल्या वर्षीच्या डेटा कायद्याच्या कलम ४४(३) ने तर जनहिताची अट आणि ते शेपूट दोन्ही या कलमातून काढून टाकण्याची तरतूद केली आहे. ती अंमलात आली की रस्त्याच्या फाइलीतल्या कंत्राटदाराच्या नावावरही कुणी ‘वैयक्तिक’ असा शिक्का मारणार नाही ना, ही माझी भीती आहे. जनहित तोलायला कलम ८(२) उरेल, पण तिथे तोलण्याचं काम कार्यालयाच्या मर्जीवर.

पण या भीतीने शेजाऱ्यांची यादी मागणं योग्य ठरत नाही. मावशींनी एक वाक्य टाकलं: “उद्या त्यांनी आपली मागितली तर?” कुणाच्या घरात कोण राहतं, कुणाचा मुलगा परदेशात आहे, कुणाच्या फ्लॅटला वर्षभर कुलूप आहे, हे सगळं त्या यादीत येतं. चोरट्याला याहून सोयीची यादी कोणती? मधला मार्ग आहे. आपल्या पेठेत, म्हणजे करआकारणीच्या विभागात, एकूण किती निवासी मिळकतींना सवलत चालू आहे आणि किती पीटी-३ प्रलंबित आहेत, असा गोषवारा तयार होत असेल तर त्याची प्रत. नावाची गरज नाही. नोंदवहीचं पानच द्यावं लागलं तर कलम १० प्रमाणे नावं झाकून उरलेला भाग देता येतो. काका नाराज झाले, पण अर्ज गोषवाऱ्याचाच गेला.

१८ जुलै, गुरुवार

इमारतीच्या अर्जाचं उत्तर. मुदत १४ तारखेला संपली होती, त्यानंतर आलं. “सदर नस्ती अभिलेख कक्षात आढळून येत नाही.” खाली सही, अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम, मुदत. एवढंच.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासला धरणातून विसर्ग, नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. महापालिकेची माणसं तिकडे आहेत. आज कुणाला फोन केला नाही.

३० जुलै, मंगळवार

पहिलं अपील दाखल. नमुना ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. मुद्दे थोडेच ठेवले. ‘आढळून येत नाही’ हे कारण माहिती नाकारण्यासाठी कलम ८ किंवा ९ मध्ये कुठेही नाही. बांधकाम परवानगी हा कायम जपायचा अभिलेख आहे की नाही ते कार्यालयाच्या अभिलेख वर्गीकरण सूचीवरून सांगावं. नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदवहीतलं पान द्यावं. गहाळ असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे काय केलं ते सांगावं. त्या कायद्यात अभिलेख बेकायदा हलवला किंवा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शेवटी, उत्तर मुदतीनंतर आल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळाव्यात.

कलम २० चा दंड, रोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार, हा मी लिहिला नाही. तो फक्त माहिती आयोग लावू शकतो. पहिल्या अपिलात तो लिहिला की समोरचा माणूस फाइल शोधायच्या आधी खुलासा लिहायला बसतो.

६ ऑगस्ट, मंगळवार

अपिलाची वाट पाहत बसण्यापेक्षा हा कागद आणखी कुठे गेला असेल याचा विचार केला. बँकेची सवय इथे उपयोगी पडली. त्या काळात पहिल्या मालकांनी गृहकर्ज काढलं असेल तर कर्जाच्या फाइलीत मंजूर नकाशाची प्रत असणार. करारनामे नोंदवले गेले, तेव्हा दुय्यम निबंधकांकडे काही दस्तांना नकाशा जोडलेला असू शकतो. सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे प्रस्ताव गेला होता. ड्रेनेज आणि पाण्याची जोडणी घेताना पुन्हा काही कागद लागले असतील. नगर भूमापनाकडे मिळकत पत्रिका आहेच. मूळ झाड एकच, पण कलमं बरीच लागलेली असतात.

माझ्या बहिणीची सोसायटी शिवण्यात आहे, तिचं कोडं याहून अवघड. ते गाव २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११ गावांपैकी एक. इमारत त्याआधीची, त्यामुळे परवानगी दुसऱ्याच यंत्रणेने दिलेली. तिला सांगितलं, चुकीच्या दारात अर्ज गेला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो. अर्जात मात्र गावाचं जुनं नाव, गट क्रमांक आणि वर्ष घाल.

२१ ऑगस्ट, बुधवार

सुनावणी. फार वेळ लागला नाही. अपिलीय अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न अभिलेखपालाला विचारला: कुठल्या नावाने शोधलं? सोसायटीच्या नावाने. मग मला विचारलं: परवानगी मागितली तेव्हा सोसायटी होती का? नव्हती. सोसायटी इमारतीनंतर नोंदवली जाते. परवानगी जमीनमालकाच्या किंवा त्याच्या कुलमुखत्याराच्या नावाने, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांवर निघते. माझ्या अर्जात सर्व्हे नंबर होता, हिस्सा मिळकत पत्रिकेवर होता, दोन्ही तिथेच पुन्हा लिहून दिले. मूळ मालकाचं नाव एका सदस्याच्या करारनाम्याच्या पहिल्या परिच्छेदातून काढून नेलंच होतं.

आदेश: १५ दिवसांत नव्याने शोध, सापडल्यास विनामूल्य प्रती, न सापडल्यास सार्वजनिक अभिलेख अधिनियमाप्रमाणे कार्यवाहीचा अहवाल. या साहेबांनी आदेश समोरच टाइप करून घेतला.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवापासून गणपती. आज फोन आला, या म्हणून. मेट्रोने महापालिका स्थानकापर्यंत गेले. फाइल मूळ मालकाच्या नावाच्या गठ्ठ्यात होती. बांधकाम परवानगी सापडली. भोगवटा पत्राची कार्यालयीन प्रत सापडली, त्यावरचा जावक क्रमांक नोंदवहीशी जुळतो. नकाशाचे दोन तक्ते असायला हवेत, एकच आहे. तळमजला आणि जागेचा आराखडा असलेला. वरच्या मजल्यांचा तक्ता फाइलीत नाही.

प्रतींवर साक्षांकनाचा शिक्का तिथेच तपासून घेतला, प्रत्येक पानावर. नंतर एखादं पान राहिलं म्हणून परत जाणं कुणालाच नको असतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वरच्या मजल्यांचा नकाशा एका जुन्या सदस्याच्या कर्जफाइलीतून आला. बँकेने कर्ज फिटल्यावर कागद परत केले होते आणि त्यांनी ते माळ्यावर ट्रंकेत ठेवले होते. त्यावर मंजुरीचा शिक्का दिसतो, पण ती साक्षांकित प्रत नाही. वास्तुविशारदांना कामचलाऊ म्हणून पुरेल, परवानगीच्या अर्जाला पुरणार नाही.

रस्ता: पान क्रमांक घालून पाठवलेल्या पत्रानंतर चीर बुजवली. खडी अजून सुटते आहे, पण दोषदायित्वाची तारीख आता सगळ्या गल्लीला पाठ आहे.

कर: काकांकडे फेरपाहणी झाली. काकूंनी पाहणीला आलेल्या मुलाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुसऱ्या तक्त्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील तयार केलं. नमुना ‘क’, २० रुपयांचा स्टॅम्प, मुदत ९० दिवस. मागणी एकच: तक्ता द्यावा किंवा तो गहाळ असल्याचं लेखी आणि त्यापुढची कार्यवाही द्यावी. तसं लेखी मिळालं तर ट्रंकेतल्या प्रतीवरून फाइल पुन्हा उभी करा अशी विनंती करता येते. आयोगाकडे वेळ लागतो, त्यामुळे पुनर्विकासाचं बाकीचं काम यावर अडकवलेलं नाही. विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल, मग अर्धा कर्मचारीवर्ग निवडणुकीच्या कामाला, म्हणून आजच स्पीड पोस्टाने पाठवलं. एक प्रत माहिती अधिकाऱ्याला, एक अपिलीय अधिकाऱ्याला.

काकांनी आठवण करून दिली की शनिवारी दसरा आणि १२ ऑक्टोबर. २००५ मध्ये कायदा लागू झाला तो दिवसही १२ ऑक्टोबर आणि दसराच होता. देशातला पहिला अर्ज त्या दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. काकांना त्या दिवशी नवीन अर्ज टाकायचा आहे, पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांचा. शनिवारी कार्यालयं बंद असतात हे त्यांना सांगितलं. सोमवारी नेऊन देणार आहेत. मसुदा पाहिला: लॉगबुकची पानं, तारखेसह, ९० शब्दांत. त्यात ‘का’ कुठेही नाही.

सवलतीच्या गोषवाऱ्याचं उत्तर आलं आहे. असा गोषवारा पेठनिहाय ठेवला जात नाही. अपील करणार नाही.

प्रलंबित: दुसऱ्या अपिलाचा क्रमांक, काकांचं सुधारित बिल.